घरच्या घरी बटेर: पिंजऱ्यापासून अंड्यापर्यंत

बटेर पाळणं सोपं असतं असं ज्याला त्याला सांगताना ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. जागा कमी लागते, आवाज फारसा नाही, खाणंही मूठभर. पण या पक्ष्याचं सगळंच घाईचं असतं. अंड्यातून पिल्लू 17-18 दिवसांत बाहेर येतं आणि तेच पिल्लू 6 ते 8 आठवड्यांत स्वतः अंडी द्यायला लागतं. चूकही तितक्याच घाईने अंगाशी येते. मुठीएवढा पक्षी आजारी दिसायला लागला की तुमच्या हातात बऱ्याचदा एखादाच दिवस उरलेला असतो. म्हणून पिंजरा, खाद्य, पाणी, दिवा हे सगळं लावून झाल्यावरच पक्षी घरी आणावेत. ‘आधी पक्षी आणू, मग बघू’ हा क्रम इथे चालत नाही.

कोणते आणि किती

अंड्यांसाठी पाळतात तो जपानी बटेर. नेहमीच्या जातीत नर 100 ते 140 ग्रॅम आणि मादी त्याहून थोडी वजनदार. हो, इथे मादी मोठी असते. मांसासाठी तयार केलेल्या ‘जंबो’ जाती याच्या दुपटीपर्यंत जातात, पण त्या खातातही तशाच. नुसती अंडी हवी असतील तर साधी जात पुरते. रानातले बटेर पकडून पाळायच्या भानगडीत पडू नका. ते पिंजऱ्यात माणसाळत नाहीत आणि अनेक ठिकाणी त्यांना धरणं हा गुन्हा आहे. पाळीव बटेरांसाठीही काही ठिकाणी परवाना किंवा नोंदणी लागते, ती चौकशी आधीच करून घ्यावी.

सुरुवात 5-6 माद्यांपासून करा. अंड्यांसाठी नराची गरज नसते, नर नसला तरी मादी अंडी देतच राहते. फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. पिल्लं हवी असतील तर 3 ते 5 माद्यांमागे एक नर ठेवावा. दोन नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांचं डोकं फोडतात, आणि माद्या कमी पडल्या तर त्यांच्या पाठीची आणि मानेची पिसं उपटली जातात.

नर-मादी ओळखायला 3-4 आठवड्यांचा पक्षी हातात घ्या. नराची छाती एकसारखी विटकरी असते, तर मादीच्या छातीवर फिकट रंगावर काळे ठिपके असतात. पांढऱ्या किंवा गडद रंगाच्या जातींमध्ये ही खूण चालत नाही. तिथे पक्षी वयात येईपर्यंत थांबावं लागतं. वयात आलेल्या नराच्या शेपटीखाली एक फुगीर गाठ असते आणि ती हलकेच दाबली की पांढरा फेस येतो. नर आरवतोही. तो आवाज कोंबड्याच्या बांगेसारखा दूरवर जात नाही, पण पिंजरा शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून असेल तर पहाटे त्यांना नक्की कळेल.

पहिल्यांदाच पाळत असाल तर अंडी उबवण्यापासून सुरुवात करू नका. सहा-सात आठवड्यांचे, अंड्यावर आलेले किंवा येऊ घातलेले पक्षी घ्या. पिल्लं वाढवणं हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग आहे. तो पक्ष्यांची सवय झाल्यावर शिकलेला बरा. घेताना डोळे स्वच्छ आणि उघडे आहेत ना, नाक कोरडं आहे ना, पार्श्वभागाची पिसं विष्ठेने चिकटलेली नाहीत ना, एवढं पाहा. पिंजऱ्यातला एखादा पक्षी पिसं फुगवून कोपऱ्यात बसलेला दिसला तर त्या पिंजऱ्यातला कुठलाच पक्षी घेऊ नका, मग बाकीचे कितीही टवटवीत दिसोत.

पिंजरा: उंचीचं गणित

दचकलेला बटेर पळत नाही, तो सरळ वर उसळतो. त्या उसळीत छताला डोकं आपटून कवटी फुटते किंवा मान मोडते. त्यामुळे पिंजऱ्याची उंची एक तर 25-30 सेंटीमीटर ठेवा, म्हणजे उसळीला जोर येण्याआधीच छत लागतं. किंवा सरळ माणूस उभा राहील एवढं उंच जाळीघर करा. या दोन्हींच्या मधली, गुडघ्याएवढी किंवा कमरेएवढी उंची सगळ्यात धोक्याची. मधल्या उंचीचा पिंजरा आधीच हाताशी असेल तर छताच्या आतून मऊ जाळी किंवा कापड ताणून बांधा.

व्यावसायिक पिंजऱ्यांत एका पक्ष्याला 200-250 चौरस सेंटीमीटर जागा देतात. तेवढ्यावर पक्षी जगतो, अंडीही देतो, पण घरी एवढी कंजुषी करायचं कारण नाही. एका पक्ष्याला साधारण एक चौरस फूट दिलीत तर टोचाटोची, पिसं उपटणं आणि दुर्गंधी हे तीनही त्रास बरेच कमी होतात.

जाळी वेल्डिंगची, चौकोनी आणि घट्ट घ्या. षटकोनी भोकांची पातळ कोंबडी-जाळी बटेरांना आत ठेवते, पण उंदीर, मांजर, साप यांना बाहेर ठेवत नाही. मोठ्या पक्ष्यांसाठी भोक 12 मिलिमीटरपर्यंत ठेवा, पिल्लांसाठी 6 मिलिमीटर. तळ जाळीचा केला तर विष्ठा खाली पडते आणि रोग कमी होतात, हा मोठा फायदा आहे. पण दिवसरात्र जाळीवर उभं राहून तळपायाला जखमा आणि गाठी होतात. म्हणून जाळीच्या तळावरही एका कोपऱ्यात गुळगुळीत फळी किंवा रबरी चटई टाका. जमिनीवरच्या खुराड्यात कोरड्या भुशाची जाड गादी करा आणि ओला झालेला भाग लगेच काढत जा.

बटेर दांडीवर बसत नाहीत, जमिनीवरच झोपतात. त्यामुळे दांड्या लावण्याचा खर्च वाचतो. घरटंही लागत नाही, जिथे असेल तिथे मादी अंडं टाकते. आडोसा मात्र लागतो. एक उलटा ठेवलेला खोका, गवताची जुडी किंवा पिंजऱ्याच्या एका बाजूला लावलेलं कापड एवढ्याने भागतं. लपायला जागा असली की कमजोर पक्षी मार खात नाही.

शिवाय कोरडी वाळू किंवा माती भरलेलं एक पसरट भांडं ठेवा. बटेर त्यात लोळतात, पंखांतून वाळू उडवतात आणि त्यातून पिसवा-उवा झडतात. हे बघायलाही मजा येते. एरवी दगडासारखा निश्चल बसणारा पक्षी वाळू दिसली की वेडा होतो. भांडं दिवसभर आत ठेवू नका. तासाभराने काढून घ्या, नाही तर अंडी त्यातच पडतील.

जागा निवडताना वारा खेळता हवा, पण थेट झोत अंगावर नको. पिंजऱ्याच्या उंचीवर स्वतःचं नाक नेऊन श्वास घ्या. नाकाला झोंबलं तर विष्ठेतून निघणारा अमोनिया वायू साठला आहे. आपल्याला तो क्षणभर झोंबतो, पक्षी त्यातच चोवीस तास राहतो आणि श्वासाचे रोग तिथूनच सुरू होतात.

खाद्य: कोंबडीचं खाद्य का पुरत नाही

नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात साधारण 16-17 टक्के प्रथिनं असतात. बटेराच्या मादीला सुमारे 20 टक्के लागतात आणि पिल्लांना पहिले 6 आठवडे 24 ते 27 टक्के. स्वतःच्या वजनाच्या हिशोबाने पाहिलं तर यात नवल नाही. 150 ग्रॅमची मादी 10-12 ग्रॅमचं अंडं देते, तेही जवळजवळ रोज. म्हणजे अंगाच्या 7-8 टक्के वजन दर दिवशी बाहेर पडतं. कोंबडीचं अंडं तिच्या वजनाच्या 3-4 टक्क्यांच्या आसपासच असतं. ही तूट खाद्यातूनच भरून निघते.

बटेरांचं किंवा टर्कीच्या पिल्लांचं तयार खाद्य मिळालं तर उत्तम. टर्कीचं खाद्य दाणेदार असेल तर मिक्सरमधून बारीक करून द्या, पिल्लांना मोठे दाणे गिळता येत नाहीत. कोंबडीचंच खाद्य वापरणं भाग असेल तर प्रथिनांची भर घालावी लागते. वाळवलेल्या अळ्या किंवा सुक्या मासळीची पूड, तीही खारवलेली नको. औषध मिसळलेलं खाद्य मात्र पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नका.

मोठा पक्षी दिवसाला 20-25 ग्रॅम खातो. त्याहून बरंच जास्त संपत असेल तर ते पोटात न जाता खाली सांडतंय असं समजा. बटेर चोचीने खाद्य उडवतात. भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका आणि वरून एक जाळीचा तुकडा ठेवा.

कवचासाठी कॅल्शियम लागतं. मादीच्या खाद्यात त्याचं प्रमाण 2.5 ते 3.5 टक्के हवं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवणं ही मला सगळ्यात समजूतदार पद्धत वाटते, कारण जिला लागेल ती खाईल. तेच जास्तीचं कॅल्शियम पिल्लांच्या आणि नरांच्या मूत्रपिंडांवर ताण देतं. म्हणून पिल्लांना अंड्यावरच्या पक्ष्यांचं खाद्य कधीही देऊ नका.

हिरवा पाला, किसलेलं गाजर, उकडलेलं अंडं कुस्करून, असा खाऊ चालतो. तो रोजच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापुढे जाऊ नये, आणि पाला-दाणे देत असाल तर बारीक खडेही द्यावे लागतात, कारण दात नसलेला पक्षी पोटातल्या खड्यांनीच दळतो. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, कच्ची कडधान्यं, हिरवे पडलेले बटाटे आणि खारट पदार्थ वर्ज्य. खाद्याला बुरशीचा वास आला तर पूर्ण पोतं फेका. बुरशीचं विष चाळून किंवा उन्हात घालून जात नाही. एका महिन्याला पुरेल तेवढंच आणा.

पाणी रोज ताजं. भांड्यात बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर ते घासायला उशीर झालाय.

उजेड आणि ऊन

पक्षी तंदुरुस्त, खाद्य चांगलं, तरी अंडी बंद झाली अशी वेळ येते. बहुतेकदा कारण उजेडाचं असतं. दिवस किती मोठा आहे हे बटेराचा मेंदू मोजत असतो. उजेड 12 तासांच्या खाली गेला की तो प्रजननाचा मोसम संपला असं धरून चालतो. बारा महिने अंडी हवी असतील तर नैसर्गिक आणि दिव्याचा मिळून 14 ते 16 तास उजेड द्या. दिवा मंदच हवा, पिंजऱ्यापाशी वर्तमानपत्र वाचता येईल एवढा. प्रखर दिव्याने पक्षी चिडतात आणि टोचायला लागतात. दिव्याला टायमर लावा, कारण रोजची वेळ मागेपुढे होणं त्यांना मानवत नाही. 24 तास दिवा ठेवू नका, पक्ष्याला अंधारही लागतो.

दिवा न लावता थोडे महिने पक्ष्यांना आराम देणारेही लोक आहेत. वर्षाला 250-300 अंड्यांचा आकडा मग गाठला जात नाही, पण मादीचं शरीर कमी झिजतं. घरापुरते पक्षी असतील तर मी याच बाजूचा आहे.

थंडी बटेर बऱ्यापैकी सोसतात, फक्त अंग कोरडं आणि वारा बंद हवा. उष्णता जड जाते. तापमान तिशीच्या वर गेलं की चोच उघडून धापा टाकायला लागतात. त्या धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि कवचाचं कार्बोनेट तिथूनच बनतं. कडक उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची होतात त्यामागे हे कारण आहे, नुसता शिंपला वाढवून ते सुटत नाही. सावली, वारा, गार पाणी आणि सकाळी लवकर खाद्य हा त्यावरचा उपाय.

अंडी गोळा करणं

कोंबड्या सहसा सकाळी अंडी देतात, बटेर मात्र दुपारनंतर संध्याकाळपर्यंत. त्यामुळे फेरी संध्याकाळी मारावी. तळाची जाळी पुढच्या बाजूला किंचित उतरती ठेवली तर अंडी आपोआप बाहेर गडगडतात, तुटत नाहीत, पक्ष्यांच्या पायाखाली मळत नाहीत. उतार जास्त झाला तर कवचाला तडे जातात.

पहिल्या दोन आठवड्यांत बारकी, मऊ कवचाची, कधी दोन बलकांची अंडी येतात. घाबरायचं कारण नाही. त्यानंतर दर मादीची नक्षी ठरून जाते. प्रत्येकीच्या अंड्यावरचे डाग जवळजवळ कायम एकाच धाटणीचे असतात, त्यामुळे कुणी आज अंडं दिलं नाही हे नुसत्या अंड्यांवरून सांगता येतं. हा रंग कवचाच्या अगदी वरच्या थरात असतो.

अंडी शक्यतो धुऊ नका. कोरड्या कापडाने पुसा. फारच मळलेलं अंडं धुवायचंच असेल तर पाणी अंड्यापेक्षा थोडं गरम हवं, कारण गार पाण्याने आतला भाग आकसतो आणि बाहेरची घाण कवचाच्या छिद्रांतून आत ओढली जाते. धुतलेलं अंडं लगेच फ्रिजमध्ये. साधारण 5 अंडी म्हणजे कोंबडीचं एक. कवच पातळ पण आतला पापुद्रा चिवट असतो, त्यामुळे काठावर आपटून फोडण्यापेक्षा वरचं टोक कात्रीने किंवा दातेरी सुरीने कापणं सोपं.

या अंड्यांविषयी दमा बरा होतो, रक्त वाढतं असले दावे फिरत असतात. अंडं चांगलं, पौष्टिक अन्न आहे, एवढंच म्हणता येतं. कोंबडीच्या अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्याने ‘बटेराचं चालतं’ म्हणून ते खाऊ नये. दोन्हींतली प्रथिनं मिळतीजुळती असतात. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूंचा धोकाही इथे आहेच, म्हणून कच्चं खाणं टाळा आणि पक्षी हाताळल्यावर हात धुवा.

पिल्लं काढायची असतील तर

पाळीव जपानी बटेराची मादी सहसा अंड्यांवर बसत नाही. पिढ्यान् पिढ्या अंड्यांसाठी निवड होत गेली आणि खुडूक बसण्याची उर्मी जवळजवळ निघून गेली. म्हणून उबवणी यंत्र लागतंच. याच गुणांमुळे, म्हणजे लहान आकार, झटपट वाढ आणि यंत्रात उबण्याची सवय, हा पक्षी प्रयोगशाळांचा लाडका झाला. 1990 मध्ये ‘मीर’ या अंतराळ स्थानकावर बटेराची पिल्लं अंड्यातून बाहेर आली होती.

अंडी 7 दिवसांपेक्षा जुनी नकोत, टोकदार बाजू खाली ठेवून थंड खोलीत साठवलेली असावीत, फ्रिजमधली नकोत. पंखा असलेल्या यंत्रात तापमान 37.5 अंश सेल्सियस. आर्द्रता पहिले 14 दिवस 45-55 टक्के. या काळात अंडी दिवसातून 3 ते 5 वेळा फिरवायची. पंधराव्या दिवसापासून फिरवणं थांबवा, आर्द्रता 65-70 टक्क्यांवर न्या आणि झाकण उघडू नका. एक पिल्लू बाहेर आलं की त्याला काढायचा मोह होतो. तो आवरा. झाकण उघडलं की ओलावा निघून जातो आणि बाकीच्यांचा पापुद्रा सुकून ती आतच अडकतात. पोटात शोषलेल्या बलकावर पिल्लू एक दिवस सहज काढतं.

अंड्यातून निघालेलं पिल्लू 6-8 ग्रॅमचं असतं. त्याच्या बाबतीत तीन गोष्टी आधी करून ठेवा. पाण्याच्या थाळीत गोट्या किंवा खडे भरा, नुसत्या उथळ पाण्यातही ते बुडून मरतं. तळाला गुळगुळीत वर्तमानपत्र घालू नका, पाय फाकून कायमचे अधू होतात. खडबडीत कापड किंवा टिपकागद घाला. आणि खोक्याला जाळीचं झाकण हवं, कारण दुसऱ्या आठवड्यात ती उडायला लागतात.

ऊब पहिल्या आठवड्यात 35-37 अंश, मग दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी. तापमापक लावाच, पण पिल्लांकडेही बघा. दिव्याखाली एकमेकांवर चढली असतील तर थंडी वाजतेय. दिव्यापासून लांब, चोची उघड्या असतील तर गरम होतंय. एकाच बाजूला सगळी सरकली असतील तर दुसरीकडून झोत येतोय. सगळीकडे पसरून टिपत असतील तर ठीक चाललंय. दिवा तारेने दोन ठिकाणी बांधा. भुशात पडलेला गरम दिवा घर पेटवतो. 3-4 आठवड्यांत पिसं भरतात आणि दिवा काढता येतो.

पार्श्वभागी विष्ठा सुकून बसली तर कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून काढा, ओढू नका. पायाच्या बोटांना चिकटलेल्या विष्ठेच्या गोळ्यांचंही तसंच.

आजार ओळखताना

पिसं फुगवून बसणं, पाण्यासारखी पांढरी विष्ठा, खाणं सुटणं आणि मग धडाधड मरतूक, हे आतड्यांच्या व्रणांच्या रोगाचं लक्षण असतं. क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जंतूंमुळे होणारा हा रोग विष्ठेतून पसरतो आणि बटेर त्याला फार बळी पडतात. रक्त मिसळलेली विष्ठा दिसली तर रक्ती हगवणीची शंका घ्यावी. दोन्हींत आजारी पक्षी ताबडतोब वेगळा करून पशुवैद्याकडे ताजी विष्ठा आणि जमल्यास मेलेला पक्षी न्या. अंदाजाने प्रतिजैविकं देऊ नका, त्या काळात आणि नंतर काही दिवस अंडीही खाता येत नाहीत. अनेक पक्षी अचानक मेले तर बर्ड फ्लूची शक्यता धरून कळवणं भाग आहे. कोंबड्यांबरोबर बटेर ठेवू नयेत तेही यासाठीच. कोंबडी वरवर धडधाकट राहून जे जंतू वागवते ते बटेराला मारू शकतात.

अंडं अडकलेली मादी शेपूट खाली टाकून, जोर लावत बसते. कोमट पाण्यात तिचा मागचा भाग 10-15 मिनिटं बुडवून उबदार, अंधाऱ्या जागी ठेवा. काही तासांत सुटली नाही तर डॉक्टर. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका, आत फुटलं तर ती वाचत नाही.

टोचाटोची सुरू झाली तर गर्दी, प्रखर उजेड आणि प्रथिनांची कमतरता या क्रमाने तपासा. रक्त आलेला पक्षी आधी बाजूला, बाकीचा विचार नंतर.

आधीच ठरवायच्या दोन गोष्टी

यंत्रात 20 अंडी घातली आणि 14 पिल्लं निघाली तर त्यातले अर्धे नर असतील. त्यांचं काय करायचं हे अंडी यंत्रात घालण्याआधी ठरवा. खायचे, कुणाला द्यायचे की माद्यांपासून लांब वेगळे पाळायचे. नंतर ठरवू म्हटलं तर एकाच पिंजऱ्यात रक्तबंबाळ डोकी दिसतात. माद्यांचंही तसंच. अंडी पहिल्या वर्षात भरपूर, मग उतरती, आणि पक्षी 2-3 वर्षं जगतो. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग ती फारशी अंडी न देता तुमच्याकडे खाणार आहे.

विष्ठा झाडांना थेट घालू नका, नत्र जास्त असल्याने मुळं जळतात. सुक्या पाल्याबरोबर काही महिने कुजवून मग वापरा. आणि चार दिवस घराबाहेर जायचं असेल तर कुणाला सांगून जाणार ते आत्ताच बघून ठेवा. त्या माणसाला खाद्य आणि पाणी दाखवाच, पण रोज संध्याकाळी अंडी काढताना पक्षी मोजायलाही सांगा. जाळीचा सुटलेला कोपरा बहुतेकदा त्या मोजणीतच सापडतो.